कर्नाळ्याच्या जंगलात पहिल्यांदा चालायला जाताना

पनवेलहून पेणच्या दिशेने निघालं की शिरढोणच्या आसपास झाडांच्या वर एक काळा अंगठा दिसायला लागतो. तो कर्नाळ्याचा सुळका. पहिल्यांदा येणाऱ्या बहुतेकांना तोच गाठायचा असतो. गाडी लावायची, धापा टाकत वर जायचं, सुळक्याखाली फोटो काढायचा आणि गुडघे धरून खाली यायचं. वाटेत जंगल लागतं ते नाइलाजाने.

माझा सल्ला उलटा आहे. पहिल्या खेपेला किल्ला सोडून द्या. खालच्या दोन जंगलवाटा चाला आणि दुपारच्या आत घरी या. किल्ला सातशे-आठशे वर्षं तिथेच आहे, पुढच्या महिन्यातही असेल. एकदा जंगलात चालण्याची सवय लागली की किल्ल्याची चढण निम्मी सोपी वाटते आणि वाटेत काय काय आहे तेही दिसायला लागतं.

रायगड जिल्ह्यातलं, पनवेल तालुक्यातलं हे पक्षी अभयारण्य १९६८ साली जाहीर झालं. तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, पुढे वाढून १२ चौरस किलोमीटरच्या वर गेलं. म्हणजे तसं लहानच. वाहता महामार्ग त्याला चिरून जातो. तरीही इथे दोनशेहून जास्त जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. मुंबईहून लोकलने येऊन इतकं जंगल मिळणं ही चैन आहे, आणि नवख्याला शिकायला यासारखी दुसरी जागा जवळपास नाही.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दुसरा विचारच करू नये. हवा कोरडी असते, वाट टणक असते आणि उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे पक्षीही असतात. त्यातही जानेवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात हा माझा आवडता काळ. पांगारा आणि काटेसावर फुललेले असतात, पानं गळून गेलेली असतात आणि लाल फुलांवर बुलबुल, मैना, कोतवाल, हळद्या यांची झुंबड उडालेली असते. मान वर करून एका सावरीखाली अर्धा तास उभं राहिलात, तर एरवी दिवसभरात दिसणार नाहीत इतके पक्षी दिसतील. त्याच सुमारास कोशिंबाला तांबडी पालवी फुटते. लांबून पाहणाऱ्याला झाड पेटल्यासारखं वाटतं.

ऑक्टोबरात उकाडा असतो. एप्रिल-मेमध्ये पहाटे निघून नऊ-साडेनऊला बाहेर पडणार असाल तरच जा. कोकणातल्या दमट उन्हात थर्मामीटरवरचा आकडा फसवा असतो. घाम सुकतच नाही, त्यामुळे अंग निवत नाही. पावसाळ्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो, कारण तेव्हाचं कर्नाळं वेगळंच असतं.

रविवार टाळता आला तर टाळा. शक्य नसेल तर दार उघडताना तिथे हजर राहा. रविवारी दहानंतर सहली येतात, मग पक्षी आत सरकतात आणि वाटेवर फक्त आपली माणसं उरतात.

पोहोचायचं कसं

हार्बर लाइनने पनवेल. स्टेशनवरून एसटी स्टँडला रिक्षा करा किंवा चालत जा. तिथून पेण, अलिबाग किंवा पुढे कोकणात जाणारी गाडी पकडायची. पनवेलपासून कर्नाळा दहा-बारा किलोमीटर आहे. गाडीत चढण्याआधीच कंडक्टरला विचारा, “कर्नाळ्याला थांबेल ना?” लांब पल्ल्याच्या काही गाड्या थांबत नाहीत, आणि आपण खिंड ओलांडून पुढे गेल्यावर मग आरडाओरडा करण्यात अर्थ नसतो. चार-पाच जण असाल तर पनवेलहून रिक्षा ठरवणं परवडतं, फक्त परतीचं काय ते आधीच बोलून घ्या.

स्वतःच्या गाडीने येत असाल तर पळस्पे फाट्यावरून पेणकडे वळायचं. सुट्टीच्या दिवशी याच रस्त्यावर अख्खी मुंबई कोकणात निघालेली असते, म्हणून पहाटे निघा. वाटेत शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. परतताना वेळ असेल तर गावात उतरा, तिथे त्यांचं स्मारक आहे.

अंगावर काय, पिशवीत काय

कपडे मळखाऊ रंगाचे हवेत: खाकी, शेवाळी, करडे. पांढरा, लाल, भगभगीत पिवळा नको. पूर्ण बाह्यांचा सुती किंवा लवकर वाळणारा शर्ट आणि सैल पूर्ण पँट घाला. जीन्स नकोच. घामाने किंवा पावसाने भिजली की ती मांडीला चिकटते आणि प्रत्येक पायरीला पाय मागे ओढते. हाफ पँटचा मोह जंगलात शिरेपर्यंतच टिकतो.

बूट नवे घेतलेच असतील तर आधी आठवडाभर घराजवळ घालून फिरा. तळव्याला खोल खाचा असलेले साधे बूटही चालतात. गुळगुळीत तळव्याचे पळण्याचे बूट, सँडल, चपला हे सगळं घरी. अत्तर, डिओ, वासाचं तेल यातलं काही लावू नका. याचं कारण सुळक्यावर बसलेलं आहे, त्याकडे येऊच.

पाणी माणशी दोन लिटर, किल्ल्यावर जाणार असाल तर तीन. वर प्यायच्या पाण्याचा भरवसा धरू नका. स्टीलची बाटली आणा, प्लास्टिकची आणलीत तर दारावर वेळ जातो. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी किंवा कोकम सरबत एका बाटलीत वेगळं ठेवा. खायला कमी कचरा होईल असं काहीतरी: चपाती-भाजीची गुंडाळी, गूळ-शेंगदाणे, खजूर, काकडी. वेफर्सच्या पाकिटाचा आवाज पन्नास पावलांवरच्या माकडाला ऐकू जातो, असं समजून चाला.

बाकीचं सामान थोडंच: टोपी, लहान टॉवेल, शिट्टी, बॅटरी, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, रोजची औषधं. दुर्बीण असेल तर उत्तम. ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट वर्धनाची आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, साधी दुर्बीण झाडीत सगळ्यात सोयीची. जास्त मोठं दिसेल म्हणून लोक १०, १२ किंवा त्याहून जास्त वर्धनाची घेतात आणि मग हात थरथरून काहीच दिसत नाही. दुर्बीण नसेल तर अडून राहू नका. कर्नाळ्यात नवख्याला डोळ्यांपेक्षा कान जास्त उपयोगी पडतात.

दारावर

तिकीट काढायचं, कॅमेऱ्याची नोंद करायची. सोबतच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत घेतली जाते आणि परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत मिळतात. यावर कुरकुर करणारे भेटतात. त्यांनी अनामतीची पद्धत नसलेल्या एखाद्या धबधब्यावर सोमवारी सकाळी जाऊन यावं. दर आणि वेळा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ मदतवाहिनी १९२६ या क्रमांकावर आहे.

दारावरच्या वनरक्षकांशी दोन मिनिटं बोला. हे सौजन्य म्हणून सांगत नाही, हा तयारीचाच भाग आहे. तीन प्रश्न विचारायचे: कुठली वाट बंद आहे का, पाण्यावर सध्या काय दिसतंय, आणि किल्ल्यावर जाणार असाल तर “वर माशा उठल्यात का?” (माशा म्हणजे सुळक्यावरच्या आग्या मधमाश्या.) ते सांगतील ते कुठल्याही नकाशात मिळत नाही. किती जण आहात, कुठल्या वाटेने जाताय, साधारण कधी परताल हेही त्यांना सांगून ठेवा. आत मोबाइलची रेंज कुठे असते, कुठे नसते. घरच्यांना निरोप दारावरूनच द्या.

पहिली वाट: हरियाल

हरियाल महाराष्ट्राचा राज्यपक्षी, त्याच्या नावाची ही छोटी वाट. साधारण किलोमीटरभर. तरणा माणूस वीस मिनिटांत संपवेल. तुम्ही दीड तास लावा.

चालायचं कसं ते आधी. एकामागे एक, बोलणं कुजबुजीत. टाच आपटायची नाही, पाऊल बाहेरच्या कडेने टेकवून मग पूर्ण ठेवायचं. सागाची वाळलेली पानं पापडासारखी वाजतात, तेव्हा वाटेचा मळलेला मधला भाग सोडू नका. वीस-तीस पावलं चाला, थांबा, ऐका. पहिल्या पाच-दहा मिनिटांत महामार्गावरच्या ट्रकांचे हॉर्नच ऐकू येतील. वैतागू नका. हळूहळू कान तो आवाज बाजूला सारायला शिकतात आणि त्याखालचे आवाज वर येतात.

सुरुवातीला फक्त तीन आवाज ओळखायचे ठरवा. झाडाच्या शेंड्यावरून एकसारखं ‘कुटुर्र, कुटुर्र’ चालू असेल तो कुटुर्गा. हिरवा असल्यामुळे समोर असूनही दिसत नाही, त्याला शोधण्यात सकाळ घालवू नका. लोहार लांबवर ठोके देतोय असा एकसुरी ‘टुक् टुक्’ म्हणजे तांबट. आणि नऊ-साडेनऊनंतर ऊन तापून हवा वर चढायला लागली की आभाळातून लांबलचक शीळ येते, तो सर्पगरुड. ती ऐकली की झाडांच्या फटीतून वर बघा. पंखांखालचा पांढरा पट्टा इतका ठळक असतो की पहिल्यांदाच पाहणारासुद्धा चुकत नाही.

मग येते ती खरी गंमत. बराच वेळ जंगल मुकं असतं. काहीच नाही, असं म्हणून आपण पुढे निघणार तेवढ्यात एकदम डोक्यावर चिवचिवाट सुरू होतो. हा मिश्र थवा. वेगवेगळ्या जातींचे पक्षी एकत्र शिकार करत जंगलातून सरकत असतात. निखार शेंड्यावर, सुभग मधल्या फांद्यांत, नाचण खाली शेपटीचा पंखा उघडत-मिटत, आणि शेपटीला दोन लांब तारा लावलेला भृंगराज सगळ्यांच्या मागे पहारेकऱ्यासारखा. इतरांनी उडवलेले किडे तो हवेतच टिपतो. शिवाय दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, म्हणून आवाजावरून त्याला ओळखायला जाल तर फसाल. पांढऱ्या रिबिनीसारखी शेपटी मिरवत जाणारा स्वर्गीय नर्तक याच गर्दीत दिसण्याची शक्यता जास्त. थवा आला की जागचं हलायचं नाही. त्याच्यामागे धावलात तर तो झाडीत शिरतो. उभे राहिलात तर तो तुमच्यावरूनच जातो, आणि पाच-सात मिनिटांत पुन्हा सगळं सामसूम.

मुलं बरोबर असतील तर त्यांना ही वाट पुरते. प्रत्येकाला एकेक काम द्या: एकाने आवाज मोजायचे, दुसऱ्याने वाटेवरची पिसं आणि बिया बघायच्या. बघायच्याच, खिशात नाही घालायच्या. अभयारण्यातून पीससुद्धा बाहेर न्यायचं नसतं.

दुसरी वाट: मोरटाका

ही लांब आहे, चढउताराची आहे आणि इथे माणसं कमी. हरियालवर दीड तास शांत चालता आलं असेल, पाणी निम्म्याहून जास्त शिल्लक असेल आणि घड्याळात दहा वाजले नसतील, तरच वळा. एकट्याने नको, किमान तिघं असावेत. एखाद्याचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दुसरा दाराकडे येतो, हा तीनचा हिशोब.

मळलेली वाट सोडायची नाही. ओढ्याच्या कोरड्या पात्रातून, गुरांच्या वाटेवरून आडव्या वाटा फुटतात आणि त्या मूळ वाटेपेक्षा सोयीच्या दिसतात. फाट्यावर शंका आली तर सरळ शेवटच्या खुणेपर्यंत मागे या. “पुढे कुठेतरी मिळेलच” म्हणून उतरत राहणं हे सह्याद्रीत हरवण्याचं सर्वांत जुनं कारण आहे. खाली दिसणारा रस्ता आणि तुम्ही यांच्यामध्ये बहुतेक वेळा एक कडा असतो.

आत गेल्यावर झाडं बघा. ऐनाच्या खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, एकदा पाहिली की ऐन कुठेही ओळखू येतो. उंबर पिकला असेल तर त्याच्यासमोर बसून घ्या. हरियालांचे थवे, बुलबुल, असेल नशीब तर धनेशही तिथेच भेटेल. हरियाल पानांच्या रंगात इतका मिसळतो की वीस पक्षी असलेलं झाड रिकामं वाटतं. वरून फळं आणि सालपटं टपटप पडत असली की समजायचं.

खाजकुहिली आणि इतर मंडळी

जंगलात नवख्याला बिबट्याची भीती वाटते. बिबट्या आहे, पण तो तुमच्या वाटेला जात नाही. हिवाळ्यात प्रत्यक्षात रडवते ती खाजकुहिली. वेलीवर लटकलेल्या वाकड्या, सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा. हात लावावासा वाटावा इतक्या सुंदर. त्या मखमलीतलं एकेक लव म्हणजे सूक्ष्म सुई, नुसत्या वाऱ्यानेही अंगावर येते. लागलीच तर खाजवायचं नाही, चोळायचं नाही, हाताने पुसायचं नाही. चिकटपट्टीचा तुकडा त्या जागेवर दाबून ओढून काढायचा, पट्टी बदलत पुन्हा पुन्हा. लव निघाली की मग भरपूर पाण्याने धुवा. पिशवीत चिकटपट्टी कशासाठी सांगितली, ते आता कळलं असेल. तो शर्टही घरी गेल्यावर वेगळा धुवा, नाहीतर घरातल्या सगळ्यांना कर्नाळ्याची सैर घडेल.

साप दिसला तर थांबायचं, दोन-तीन पावलं मागे यायचं, त्याला जाऊ द्यायचं. या भागात फुरसं आहे. लहानसं असतं, दगडाखाली, पाचोळ्यात बसतं. पावसाळ्यात हिरवा चापडा तुमच्या कमरेच्या उंचीवरच्या फांदीला वेटोळं घालून बसलेला असतो. म्हणून नियम एकच: जिथे दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही, आणि आधारासाठी फांदी धरण्यापूर्वी ती बघायची. दंश झालाच तर चिरणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो अवयव हलू देऊ नका, माणसाला शक्यतो चालवू नका आणि १०८ला फोन करून रुग्णालय गाठा. साप पकडून बरोबर न्यायची गरज नसते.

पावसाळ्याच्या शेवटी वाटेवर आडवी मोठाली जाळी लागतात. सोनेरी छटेचा चिवट धागा आणि मधोमध हाताच्या पंजाएवढी कोळीण. ती काही करत नाही. काठीने जाळं तोडू नका, वाकून खालून जा. पुढे चालणाऱ्याने मागच्याला सांगायचं, एवढंच.

माकडांशी व्यवहार सरळ आहे. खाणं दाखवायचं नाही, द्यायचं नाही, आणि त्यांनी पिशवीला हात घातला तर ओढाताण करायची नाही. पिलाजवळ जाऊन फोटो काढणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही.

आता किल्ला

दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला. किल्ला साडेचारशे मीटरच्या आसपास उंच, दारापासून वाट अडीच-तीन किलोमीटरची. आकडे लहान दिसतात, पण चढ समुद्रसपाटीपासून फारशा वर नसलेल्या पायथ्यापासून सुरू होतो आणि फारसा थांबत नाही. नवख्याला वर जायला दीड ते दोन तास, उतरायला त्याहून थोडा कमी वेळ. सातला चालायला लागलात तर साडेनऊच्या आत वर पोहोचायला हवं. नाही पोहोचलात तर काय? दहाला जिथे असाल तिथून मागे. हे खाली असतानाच सगळ्यांसमोर ठरवून टाका, कारण वर गेल्यावर “आता आलोच की” म्हणणारा एक जण प्रत्येक गटात निघतो.

पहिली वीस मिनिटं मुद्दाम रखडत चाला. बोलता येतंय पण गाता येणार नाही, इतकाच दम लागायला हवा. बोलणंही बंद झालं तर वेग जास्त आहे. गटाचा वेग सर्वांत मागच्या माणसाचा. त्याच्यासाठी थांबलात आणि तो पोहोचताच लगेच निघालात, तर विश्रांती फक्त तुमचीच झाली. त्यालाही पाच मिनिटं द्या. कुणाला डोकं दुखणं, मळमळणं, पायात गोळे येणं सुरू झालं तर सावलीत बसवा, मीठ-साखरेचं पाणी घोटघोट द्या, मान-कपाळ ओलं करा. बरं वाटलं तरी त्याची चढाई तिथे संपली.

झाडीतून वाट वर निघून धारेवर येते आणि वारा लागतो. पुढे देवीचं देऊळ, पायऱ्या, दरवाजा, पडका वाडा. सुळक्याच्या पोटात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कोठारं आहेत. पनवेल बंदर आणि बोरघाटाकडे जाणारा रस्ता यांवर नजर ठेवायला ही जागा नेमकी होती. म्हणूनच निजामशाही, पोर्तुगीज, मराठे, मोगल सगळ्यांनी तिच्यासाठी झगडा केला. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता, १६७०मध्ये तो परत घेतला गेला आणि १८१८ला इंग्रजांकडे गेला. हवा स्वच्छ असेल तर माणिकगड, प्रबळगड, माथेरानचं पठार ओळीने दिसतात. खाली पाताळगंगेचं वळण दिसतं.

सुळका स्वतः मात्र तुमच्यासाठी नाही. ते प्रस्तरारोहणाचं काम आहे, दोर, साधनं आणि जाणकार असल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

आणि आता माशा. या सुळक्याच्या कपारींत आग्या माशांची मोहोळं असतात, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आग्या माशी एकटी डसत नाही. एकीने नांगी मारली की त्या जागी सुटणाऱ्या वासाने बाकीच्या तिथेच येतात, आणि लांबपर्यंत पाठलाग करतात. त्या आपणहून अंगावर येत नाहीत. धूर, सिगारेट, अत्तर, भिरकावलेला दगड, ड्रोन, मोठमोठ्या घोषणा, ढोल, फटाका यांपैकी काहीतरी निमित्त लागतं. किल्ल्यावर गेल्यावर घोषणा देण्याची ऊर्मी येते, हे मला समजतं. इथे ती मनातल्या मनात द्या. तुमच्या मागून येणाऱ्या शाळेच्या मुलांचा विचार करून तरी. दारावरच “माशा उठल्यात” असं कळलं तर वर जायचंच नाही. वरच्या गटातल्या कुणी धूम्रपान करताना दिसलं तर सांगून बघा, ऐकत नसतील तर तुम्ही खाली निघा.

तरीही उठल्याच, तर हात हलवून मारू नका. टॉवेलने डोकं, चेहरा आणि मान झाका, आणि आल्या वाटेने खाली, दाट झाडीकडे निघा. पळा, पण वाट बघून. कड्याजवळ माशांपेक्षा आंधळी पळापळ जास्त घातक ठरते. पाण्यात उडी मारणं, जागीच बसून राहणं यांचा उपयोग नाही. सुरक्षित ठिकाणी आल्यावर नांगी नखाने किंवा कार्डाच्या कडेने लगेच खरवडून काढा, उशीर करू नका. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, चक्कर, किंवा खूप डंख झालेले असतील तर बघत बसायचं नाही. १०८ किंवा ११२, आणि दारावर निरोप.

उतरताना गुडघे किंचित वाकवून, पावलं लहान. मुरमाड घसाऱ्यावर टाचेवर भार टाकून मागे झुकलात की पाय निसटतो. शरीराचा भार किंचित पुढे ठेवा, आणि जमेल तिथे पाऊल थोडं आडवं टाका. काठी असेल तर ती उतरताना खरी कामाची. बहुतेक पाय उतरताना मुरगळतात, तेही दार दिसायला लागल्यावर, जेव्हा लक्ष चहाच्या टपरीकडे गेलेलं असतं.

पावसाळ्यातलं कर्नाळं

जून ते सप्टेंबर इथे ज्यांना घसरत चालता येतं त्यांनीच यावं. कातळावर शेवाळ धरतं आणि त्यावर कितीही महागडा बूट टिकत नाही. ओढे तासाभरात चढतात. सकाळी घोट्याएवढं पाणी ओलांडून गेलात तरी परतताना ते कमरेएवढं असू शकतं. पाणी गढूळ व्हायला लागलं आणि काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, की वर जोराचा पाऊस झालाय असं समजून लगेच अलीकडच्या काठाला या. किल्ल्याच्या धारेवर विजांच्या कडकडाटात थांबू नका. वनविभागाने वाट बंद केली असेल तर वाद नको.

पण पहाटे, उजेड फुटायच्या आधी, ओढ्याकाठी शीळकरी कस्तुर ऐकण्यासाठी मी दुसरी कुठलीही गैरसोय सोसेन. एखादा माणूस निवांत, सूर थोडे चुकवत शीळ घालतोय असंच वाटतं.

आणि याच दिवसांत येतो तिबोटी खंड्या. चिमणीएवढा, पाठ निळी-जांभळी, पोट पिवळं, चोच लालभडक. तो रायगडचा जिल्हापक्षी आहे. ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ करून तो घरटं घालतो आणि पिल्लांना खेकडे, सापसुरळ्या, बेडूक भरवतो. त्याच्यासाठी मोठाल्या लेन्स घेऊन लांबून लोक येतात. घरट्यासमोर तंबू ठोकल्यासारखी गर्दी दिसली तर तिच्यात सामील होऊ नका. माणसं समोर असली की पालक पक्षी चोचीत खेकडा घेऊन फांदीवर ताटकळत बसतो, आणि बिळात पिल्लं उपाशी राहतात. घरट्याची जागा समाजमाध्यमांवर टाकायची नाही, मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलवायचा नाही, झाडाची फांदी ‘फ्रेममध्ये येते’ म्हणून वाकवायची नाही. ओढ्यापासून लांब एखाद्या जागी शांत बसलात तर तो हिरवाईतून निळ्या ठिणगीसारखा जातो. तेवढं पुरे मानावं.

निघताना

दारावर प्लास्टिक दाखवून अनामत परत घ्या आणि परत आल्याचं सांगा, म्हणजे तुमच्यासाठी कुणी शोधायला निघणार नाही. मग शर्ट-पँट झटका, मोज्यांच्या कडा, काखा, कानामागे गोचीड आहे का बघा. सापडली तर चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढून काढा, पिळू नका. पनवेलकडची एसटी पकडायला महामार्ग ओलांडावा लागणार असेल तर वळणावर नको, दोन्ही बाजूंनी लांबपर्यंत दिसेल तिथूनच ओलांडा. दिवसभरात तुम्ही केलेलं हे सगळ्यात धोक्याचं काम असतं. दुपारी गाड्या भरून येतात, हात दाखवला तरी एखाद-दुसरी निघून जाते, तेव्हा अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवा.

जूनच्या पहिल्या पावसानंतर आलेला असाल तर पनवेलच्या बाजारात एक फेरी मारा. आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांतल्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसलेल्या असतात, पुढे कंटोळी येतात. शेवळं घ्याल तर सोबत काकडं ही आंबट रानफळं मागून घ्या, नाहीतर घसा खाजतो. कशी करायची ते त्या बायकांनाच विचारा. चिंच किती, हे प्रत्येकीचं वेगळं असतं.